मोटारीचें द्विवचन

संस्कृत शिकूं लागलेल्या मुलांना पहिली ठेंच लागते ती द्विवचनाची. एकवचन समजतें, बहुवचनहि समजतें. पण दोघांसाठीं निराळें रूप कशाला, हा प्रश्न शाळेंतील प्रत्येक नव्या तुकडीनें आम्हांला विचारिला. मराठीनें हें ओझें केव्हांच खालीं ठेविलें आहे. आम्ही मुलांना सांगत असूं कीं, दोन ही संख्या एकाहून निराळी आहे तशीच अनेकांहूनहि निराळी आहे; एका जुवाखालीं चालणारे दोन बैल म्हणजे नुसते दोन बैल नव्हेत. दोन डोळे, दोन हात, दोन बैल अशीं आमचीं उदाहरणें ठरलेलीं होतीं. नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्यांत भर पडेल असें वाटलें नव्हतें. परंतु गेल्या वर्षीं ती पडली, आणि तीहि व्याकरणाच्या पुस्तकांतून नव्हे, तर आमच्या आर्वीच्या घरामागील गोठ्यांतून. तें उदाहरण म्हणजे एकाच इंजिनास जोडलेले दोन कार्बुरेटर.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारांत मोटार असेल. पण तींत कार्बुरेटर असेलच असें नाहीं. गेल्या पंचवीस वर्षांत तो नव्या मोटारींतून नाहींसा झाला, आणि २०२० सालच्या प्रदूषण-नियमांनंतर नव्या दुचाकींतूनहि गेला. म्हणून तरुण मंडळींसाठीं सांगावयाचें तें इतकेंच कीं, हवा आणि पेट्रोल यांचें योग्य मिश्रण करून इंजिनास पाजणारें हें उपकरण. आईनें दुधांत साखर किती घालावी हें जसें अनुभवानें ठरतें, तसेंच येथें. मिश्रण पातळ झालें तर इंजिन अडखळतें, दाट झालें तर काळा धूर सोडतें.

आमचे वडील बंधू आर्वीस डॉक्टर होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असूं. १९७४ सालीं त्यांनीं नागपुराहून एक जुनी अँबॅसडर आणिली. गाडी १९६९ सालची, रंगानें राखी. पुढें तीस-पस्तीस वर्षें ती आमच्या भागांतल्या खेड्यापाड्यांतून हिंडली. देऊरवाड्यास वर्धेच्या कांठीं, तळेगांवाकडे, पावसाळ्यांत काळ्या मातीच्या चिखलांत, वैशाखांत डोक्यावर आग ओकणाऱ्या उन्हांत, जेथें रोगी असेल तेथें ती जात असे. रात्रीं दादा परत येतांना वळणावर गाडीचा आवाज ऐकूं आला कीं वहिनी भाताचें आधण चुलीवर ठेवीत. गाडी दारांत येऊन दादांचे हातपाय धुऊन होईपर्यंत भात होत आलेला असे. आमच्या घरीं घड्याळाहून ह्या आवाजावर अधिक विश्वास होता. २००९ सालीं दादा गेले. गाडी गोठ्यांत उभी राहिली ती राहिलीच.

दादांचा मुलगा पुण्यास एका कारखान्यांत नोकरीस होता. दोन वर्षांपूर्वीं नोकरी सोडून तो घरीं परतला आणि त्यानें गाडी हातीं घेतली. येथपर्यंत वहिनींना आनंदच होता. पण एके दिवशीं त्यानें मुंबईच्या जुन्या बाजारांतून आणलेलें एक खोकें ओसरीवर उघडलें, आणि त्यांतून निघाले दोन कार्बुरेटर, एका आडव्या नळीनें जोडलेले.

त्याचें म्हणणें असें. अँबॅसडर ही मूळची इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्थान मोटर्सनें ती बंगालमधील उत्तरपाडा येथें २०१४ सालापर्यंत काढिली. तिचें १४८९ घनसेंटिमीटरचें इंजिन ज्या घराण्यांतलें, त्याच घराण्यांतलें आणि त्याच मापाचें इंजिन १९५५ सालीं एम. जी. ए. नांवाच्या उघड्या, चपळ गाडींत बसविलें गेलें होतें. आपल्या गाडीस एक कार्बुरेटर, तिला दोन. आपल्या गाडीची अश्वशक्ति पन्नासाच्या आसपास, तिची सत्तरीच्या घरांत. "काका, इंजिनाला धाप लागते ती ताकद नाहीं म्हणून नव्हे, त्याला मोकळा श्वास घेतां येत नाहीं म्हणून." हा युक्तिवाद आम्हांला पटला, तरी सत्तरीची सारी किमया कार्बुरेटरांची नसावी, हेंहि आम्हीं त्यास सांगितलें. तो म्हणाला, खरें आहे. इतर फरकहि होते. पण मोठा वांटा श्वासाचा.

वहिनींनीं मात्र साफ नकार दिला. "चालूं कर, रंगव, काय हवें तें कर. पण यांच्या गाडीला दुसरें तोंड नको." ह्या इंजिनास सिलिंडर चार असले तरी हवा आंत घेणारीं द्वारें दोनच असतात, त्यामुळें दोन कार्बुरेटर बसविले कीं प्रत्येकाच्या वांट्यास दोन-दोन सिलिंडर येतात, हें पुतण्यानें समजावून सांगितलें. तें ऐकून वहिनी म्हणाल्या, "म्हणजे एका घरांत दोन चुली. त्याचें काय होतें तें ह्या गल्लींत मी चार ठिकाणीं पाहिलें आहे."

कायदाहि कांहींसा त्यांच्याच बाजूस होता. २०२१ सालच्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें जुन्या वाहनांसाठीं नियम काढिले आहेत. पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपांत राखिलेली असेल, सांगाड्यांत वा इंजिनांत मोठा फेरफार केलेला नसेल, तर तिची 'विंटेज' म्हणून निराळी नोंदणी होते आणि तिला 'व्हीए' ह्या अक्षरांचा क्रमांक मिळतो. आमची गाडी वयानें त्यांत बसते. पण दोन कार्बुरेटर लावल्यावर ती मूळ स्वरूपांत राहिली असें कोण म्हणेल? अखेर आम्हीं तोड सुचविली. जुना कार्बुरेटर व त्याची नळी यांतील एकहि नट न हरवतां तें सारें जपून ठेवावें, कोणताहि भाग कापूं नये, छिद्र पाडूं नये; म्हणजे हवें तेव्हां गाडी पूर्ववत् करतां येईल. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं दादांचें एक जुनें धोतर त्यांनीं पुतण्याच्या हातीं दिलें, तें त्यांत गुंडाळण्यासाठीं.

ह्या कार्बुरेटरांची कुळकथाहि ऐकण्यासारखी आहे. त्यांवर 'एस. यू.' अशीं अक्षरें असतात. तीं 'स्किनर्स युनियन', म्हणजे स्किनर बंधूंचा संघ, याचीं. लंडनमधील एका प्रसिद्ध जोडे-विक्रेत्याच्या घरांतले हे भाऊ. चामड्याचा धंदा घरचाच, तेव्हां पहिल्या कार्बुरेटरांत त्यांनीं हवेच्या ओढीनें वरखालीं होण्यासाठीं चामड्याचा भाता बसविला. १९१० सालीं त्यांची कंपनी झाली, आणि १९२६ सालीं ती मॉरिसच्या मालकानें विकत घेतली. पुढें भात्याच्या जागीं धातूचा पिस्टन आला. आजच्या रूपांत घंटेसारखें एक टोपण, त्यांत सरकणारा पिस्टन, पिस्टनच्या पोटाशीं एक निमुळती सुई, आणि सुई ज्यांत उतरते तें बारीक जेट. इंजिन हवा ओढूं लागलें कीं पिस्टन उचलला जातो, सुई वर येते, जेटाचें तोंड तितकेंच मोकळें होतें आणि जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल निघतें. टोपणाच्या माथ्यावर थोडें तेल घालतात; त्यामुळें पिस्टन एकाएकी उसळत नाहीं. इतकी साधी आणि इतकी शहाणी रचना आम्हीं फार थोडी पाहिली आहे. पाणिनीचें एखादें सूत्र असें असतें.

अडचण येते ती अशीं दोन सूत्रें एकत्र लावण्यांत. दोन्ही कार्बुरेटरांच्या झडपा एकाच दांड्यावर चालतात. एकीची झडप दुसरीहून केसभर अधिक उघडी राहिली, तर एका बाजूचे दोन सिलिंडर जास्त काम करतात, दुसरे दोन मागें ओढतात, आणि इंजिन उभ्या जागीं थरथरतें. मधली नळी हा भेद थोडा बुजविते. पण भांडणारे भाऊ एका ताटांत जेवूं लागले म्हणून भांडण मिटत नाहीं.

पहिल्या दिवशीं गाडी सुरू झाली तेव्हां गोठ्याच्या पत्र्यावरील कबुतरें उडालीं. इंजिन लंगडत होतें. सायलेन्सरांतून मध्येंच फटाका वाजे. वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत आल्या, ऐकलें, आणि आंत निघून गेल्या. रात्रीं पानावर बसल्यावर म्हणाल्या, "हा आवाज यांचा नव्हे." पुतण्या जेवला नाहीं.

गांवांतील मिस्त्रीस बोलाविलें. ह्या गृहस्थांनीं अँबॅसडरी अनेक उघडल्या होत्या, पण त्या सर्व एकतोंडी. मात्र त्यांच्या तरुणपणीं त्यांनीं राजदूत साडेतीनशे ह्या मोटारसायकली दुरुस्त केल्या होत्या. यामाहाच्या आराखड्यावरून एस्कॉर्ट्सनें १९८३ सालापासून काढलेली ही गाडी. दोन सिलिंडर, दोन कार्बुरेटर. ती अंगावर घेणारे तरुण बरेच होते आणि जुळवून देणारे मिस्त्री थोडे. त्या अनुभवाच्या जोरावर त्यांनीं पांच मिनिटें इंजिनावर हात ठेविला आणि निदान सांगितलें, "गुरुजी, हे दोघं भाऊ एकमेकांचं ऐकूनच नाही राहिले जी. पण आधी तिसरंच कोणी चहाडी करून राहिलं काय, ते पाहू."

हें वाक्य आम्हांला फार आवडलें, आणि तें खरेंहि ठरलें. पुतण्यानें थेट कार्बुरेटरांचे स्क्रू फिरविण्यास आरंभ केला होता. मिस्त्रींनीं तें थांबविलें. प्रथम टॅपेटांतील अंतर, मग प्लग, मग पॉइंट, मग ठिणगीची वेळ. हें सारें ठीक झाल्यावांचून कार्बुरेटरास हात लावावयाचा नाहीं. मग त्यांनीं चालत्या इंजिनावर, कार्बुरेटर जेथें नळीस बसतो तेथें आणि झडपेचा दांडा जेथून बाहेर येतो तेथें, थेंब थेंब तेल सोडलें. मागल्या कार्बुरेटरच्या दांड्याशीं तेल पडतांच इंजिनाची चाल बदलली. दांडा आणि त्याचें भोंक इतकें झिजलें होतें कीं, तेथून चोरटी हवा आंत जात होती. अशा कार्बुरेटरास ब्रह्मदेवहि जुळवूं शकणार नाहीं. वर्ध्याच्या लेथवर नवे बुश कातून बसविले. त्यांत आठ दिवस गेले. कार्बुरेटर सोडतांना दोन टोपणें व दोन पिस्टन यांची अदलाबदल होऊं नये म्हणून मिस्त्रींनीं एका जोडीस लाल दोरा बांधला. प्रत्येक पिस्टन आपल्याच टोपणास घासून बसविलेला असतो. वरून सारखे दिसले तरी ते परस्परांचे चालत नाहींत.

आतां जुळणी. तिची रीति सविस्तर देतों, कारण ती कोणत्याहि जुन्या दुतोंडी इंजिनास उपयोगी पडेल. इंजिन चांगलें गरम करावें. हवेच्या गाळण्या काढाव्या. दोन्ही झडपांस जोडणाऱ्या दांड्याचे नट ढिले करावे, म्हणजे प्रत्येक भाऊ स्वतंत्र होतो. दोन्ही झडपांचे स्क्रू अगदीं मागें घेऊन, टेंकतील तेथून एकेक फेरा पुढें घ्यावे. मग एक रबरी नळी घेऊन तिचें एक टोंक कानाशीं आणि दुसरें कार्बुरेटरच्या तोंडाशीं धरावें. आंत जाणाऱ्या हवेचा सुस्कारा ऐकूं येतो. दुसऱ्या कार्बुरेटरच्या तोंडाशीं नळी अगदीं त्याच जागीं, तितक्याच अंतरावर धरून ऐकावें. जागा बदलली तर तुलना फसते. ज्याचा सुस्कारा मोठा त्याचा स्क्रू किंचित् मागें, लहान त्याचा पुढें, असें करीत दोन्ही सारखे करावे.

नळी आणावयास पुतण्या बाजारांत निघाला होता. वहिनी उठल्या, दादांचें कपाट उघडलें आणि त्यांचा स्टेथोस्कोप आणून आमच्या पुढें ठेविला. सोळा वर्षें तो त्या कपाटांतून बाहेर आला नव्हता. रबर कडक झालें होतें, पण तडकलें नव्हतें. मिस्त्रींनीं तो दोन्ही हातांनीं घेतला, कपाळास लाविला, आणि छातीवर ठेवण्याची चकती काढून नळी मोकळी केली. मग म्हणाले, "कान तुमचा पाहिजे गुरुजी. मला उजव्यानं कमीच ऐकू येते."

आमच्या घरीं भजनाचा तंबोरा आहे, मिरजेचा. त्याच्या मधल्या दोन तारा एकाच स्वरांत लावावयाच्या असतात. त्यांना जोड म्हणतात. लावतांना आरंभीं दोन स्वर निराळे ऐकूं येतात. जवळ आले कीं त्यांच्यांत एक लाट उठते. लाट मंद मंद होत जाते आणि ती थांबली कीं जोड मिळाला. चाळीस वर्षें हें करीत आल्यानें आमचा कान ह्या एका कामापुरता तरी तयार आहे. कार्बुरेटरच्या सुस्काऱ्यांत स्वर नसतो, पण जोर आणि पोत यांतील भेद कळतो. पुढल्याचा सुस्कारा भरीव, मागल्याचा पोकळ. आम्ही 'पुढचा, थोडा' म्हणावें, पुतण्यानें पानशीच्या टोंकाएवढा स्क्रू फिरवावा, मिस्त्रींनीं बॉनेटवर हात ठेवून थरथर अजमावावी, असें सुमारें तासभर चाललें. दोन्ही सारखे झाल्यावर दांड्याचे नट आवळले, दोन्ही झडपा एकाच क्षणीं हलतात हें पाहिलें, आणि पुन्हां ऐकलें. कारण नट आवळतांना जुळणी हमखास थोडी चळते.

एवढ्यावर काम संपत नाहीं. हवा सारखी झाली. पेट्रोल सारखें व्हावयाचें असतें. जेटाच्या खालीं एक षट्कोनी नट असतो. तो वर फिरविल्यास मिश्रण पातळ, खालीं फिरविल्यास दाट होतें. एका वेळीं एकच पैलू फिरवावा. कसोटी अशी कीं, पिस्टन बोटानें किंचित्, म्हणजे नखाच्या जाडीइतका, उचलावा. इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पूर्ववत् झाला तर मिश्रण बरोबर. वाढला तो वाढलेलाच राहिला तर दाट. इंजिन विझूं लागलें तर पातळ. दोन्ही बाजूंस हें करून पुन्हां हवेची जुळणी तपासावी, कारण एक बदललें कीं दुसरें बदलतें. व्याकरणांत समाहार आणि इतरेतर असे द्वंद्वाचे दोन प्रकार मानतात. एकांत दोन पदें मिळून एकच वस्तु होते, दुसऱ्यांत दोन्ही आपापलें अस्तित्व राखून जोडीनें उभीं राहतात. कार्बुरेटर निःसंशय दुसऱ्या प्रकारांत मोडतात. त्यांना एक करूं जाणारा फसतो; प्रत्येकास निरनिराळें विचारावें लागतें.

आम्हांस एक अडचण आली, जी जुन्या पुस्तकांत सांपडत नाहीं. हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें. इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायु आणतें, त्यामुळें जुन्या मापानें बसविलेलें मिश्रण पातळ पडतें. पुस्तकाप्रमाणें ठेविलेलें इंजिन थोडा वेळ चालून अडखळे. प्लग काढून पाहिले तर पांढरे पडलेले. दोन्ही जेटांचे नट दोन दोन पैलू खालीं घेतल्यावर प्लगांस बिस्किटासारखा तांबूस रंग आला. जुन्या रबराच्या नळ्याहि ह्या पेट्रोलानें फुगतात. त्या पुतण्यानें सगळ्या बदलल्या. ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल त्यांनीं हें आधीं करावें. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणें हा थट्टेचा विषय नव्हे.

त्या सायंकाळीं इंजिन इतकें शांत चालूं लागलें कीं, मिस्त्रींनीं बॉनेटवर एक रुपयाचें नाणें कडेवर उभें केलें. तें पडलें, पण तीन-चार क्षण उभें राहिलें, आणि तेवढ्यानेंहि सर्वांस समाधान झालें. तळेगांवच्या रस्त्यानें फेरी मारून आलों. चढावर गाडी पूर्वीं दुसऱ्या गिअरची भीक मागत असे, तेथें ती तिसऱ्यावर सहज निघाली. पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

घरीं आलों तर वहिनी ओसरीवर बसलेल्या. गाडी दारांत उभी राहिल्यावरच त्यांनीं मान वर केली. "केव्हां आलांत? कळलें नाहीं," त्या म्हणाल्या. पुतण्या आनंदानें म्हणाला, "आई, आवाजच नाहीं म्हटल्यावर कळणार कसें!" वहिनी थोडा वेळ गाडीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तेंच तर." पुतण्याच्या हें लक्षांत आलें कीं नाहीं, आम्हांस सांगतां येत नाहीं, आमच्या आलें. वळणावरून ओळखूं येणारी ती खडखड अर्धी झिजलेल्या सांध्यांची आणि अर्धी कधींच नीट न बसलेल्या मिश्रणाची होती. ती दुरुस्त झाली, म्हणजे गेली. आम्हीं पुतण्यापाशीं हें काढिलें नाहीं, आणि वहिनींपाशींहि नाहीं.

पंधरा दिवसांनीं वहिनींनीं आपण होऊन कौंडण्यपुरास जाण्याची गोष्ट काढली. वर्धेच्या पैलतीरीं रुक्मिणीचें माहेर. दादा असतांना वर्षांतून एकदां जाणें होई. पुढल्या आसनावर, दादांच्या शेजारच्या आपल्या जागीं, त्या बसल्या. वाटेंत एका ठिकाणीं त्यांनीं गाडी थांबवावयास सांगितली. इंजिन चालूंच होतें. त्यांनीं कांच खालीं केली, कान देऊन ऐकलें आणि विचारलें, "दोन्ही चालूं आहेत ना?" पुतण्यानें होय म्हटलें. "मग ठीक," म्हणून त्यांनीं कांच वर केली.

येत्या चैत्रांत गाडीच्या नोंदणीची मुदत संपते. विंटेजचा अर्ज करावयाचा तर धोतरांतील कार्बुरेटर पुन्हां बसवावा लागेल, न करावा तर आहे तसें चालेल; निर्णय व्हावयाचा आहे. मिस्त्री म्हणतात, बदलावयास अर्धा दिवस लागेल. पुतण्या म्हणतो, तीन तास. वहिनी म्हणतात, माळ्यावरून काढून द्यावयास मला पांच मिनिटें, पुढचें तुमचें तुम्ही पाहा. स्टेथोस्कोप मात्र कपाटांत परत गेलेला नाहीं. तो गोठ्यांतील खुंटीवर, पान्यांच्या शेजारीं टांगलेला आहे. तेथें तो वहिनींनींच टांगला.